डबा अर्ध्या तासात बसतो, वेळ अँटेना खाते

बी-टूच्या, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या लायसन्सच्या, परीक्षा देणारी पोरं हँगरमध्ये आली की हमखास विचारतात, "सर, हेलिकॉप्टरवर टीकॅस बसवायचं म्हणजे नक्की काय करायचं?" टीकॅस म्हणजे टक्कर टळावी म्हणून आसपासच्या विमानांचा इशारा देणारी यंत्रणा. पोरांच्या डोळ्यांसमोर एक डबा असतो, रॅकमध्ये सरकवला की काम संपलं. डबा खरंच अर्ध्या तासात बसतो. बाकीचे दिवस कशात जातात ते सांगतो.

परीक्षेचं मॉड्यूल 13 वाचलं असेल तर माहीत असेलच: यंत्रणा 1030 मेगाहर्ट्‌झवर विचारते, आसपासच्या विमानांचे ट्रान्सपॉन्डर (विचारणा आली की आपोआप बोलणारे रेडिओ) 1090 वर उत्तर देतात. उत्तराला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं, उंची उत्तरातच असते आणि दिशा अँटेना सांगते. हेलिकॉप्टरवर बहुतेक टीकॅस-वनच्या जातीची यंत्रणा असते. ती "ट्रॅफिक, ट्रॅफिक" एवढंच ओरडते. वर जा, खाली जा सांगत नाही. आणि समोरच्याचा ट्रान्सपॉन्डर बंद असेल तर तो तिला दिसतच नाही.

खरी डोकेदुखी म्हणजे अँटेनाची जागा. विमानाची पाठ लांबलचक आणि मोकळी. इथे डोक्यावर रोटर, मागे टेलबूम आणि पोटाखाली सर्चलाइटपासून कार्गो हुकपर्यंत सगळ्यांची गर्दी. जागा आपण ठरवायची नसते, ती एसटीसीच्या (अशा बदलाच्या अधिकृत मंजुरीच्या) ड्रॉइंगमध्ये मापासकट दिलेली असते. आतून डबलर (मजबुतीचा जादा पत्रा) लावायचं काम बी-वनवाल्यांचं, म्हणजे इंजिन आणि सांगाडा बघणाऱ्यांचं; त्यांच्याशी गोडीत राहा. मग अँटेनाखालचा रंग घासून पत्रा उघडा करायचा, गंज रोखणारं ॲलोडाइन लावायचं, बाँडिंग (अँटेना आणि पत्रा यांच्यातला विद्युतजोड) मिलिओहममध्ये मोजायचं आणि शेवटी कडेने सीलंट. जुहूहून समुद्रातल्या तेलफलाटांवर जाणाऱ्या मशीनवर सीलंटमध्ये कंजुषी केली, तर खारी हवा आत शिरते आणि अँटेनाखाली पांढरी भुकटी धरते. बाँडिंग गेलंच समजा.

माझी पहिली चूक मात्र वायरींची. दिशा दाखवणाऱ्या अँटेनाला चार कोॲक्स केबल येतात, चार रंगांच्या खुणांच्या. रात्रपाळीत मी पुढची आणि मागची अदलाबदल करून जोडली. स्क्रीनवर चित्र आलं, मी खूश. सकाळी आमचे सीनियर टेस्ट सेट (दुसऱ्या विमानाचं सोंग घेणारं यंत्र) घेऊन नाकासमोर उभे राहिले. मी कॉकपिटमध्ये. वॉकीटॉकीवर विचारलं, "मी कुठे उभा आहे?" मी स्क्रीनकडे बघून म्हटलं, "मागे, सर." पलीकडून बराच वेळ काहीच आवाज नाही. मग, "काच आहे ना समोर? बघ." छताची पॅनेलं पुन्हा उतरवायला दोन दिवस गेले. तेव्हापासून केबल ओढण्याआधी दोन्ही टोकांना लेबल. केबल लांब वाटली म्हणून मनाने कापूही नका, तिचा लॉस (वाटेत होणारी सिग्नलची घट) मोजून ठरवलेला असतो.

सप्रेशन लाइन (एक यंत्र बोलत असताना दुसऱ्याला गप्प ठेवणारी वायर) विसरलात तर आपलाच ट्रान्सपॉन्डर आपल्याला पाहुणा म्हणून दिसू शकतो. स्किडवाल्या मशीनला चाकं नाहीत, म्हणजे स्क्वॉट स्विचही नाही. जमिनीवर आहोत की हवेत, हे एअरस्पीड स्विचसारख्या दुसऱ्या कशावरून तरी कळवावं लागतं. शेवटी वजन आणि सीजीचा (गुरुत्वमध्याचा) हिशेब नव्याने.

आता जुहूला काम करणाऱ्यांसाठी. सांताक्रूझचा विमानतळ इथून हाकेच्या अंतरावर. पिटो-स्टॅटिक (हवेच्या दाबावरून वेग-उंची मोजणाऱ्या यंत्रणेच्या) टेस्टमध्ये आपण नळीतून मशीनला तीन हजार फुटांची खोटी उंची देतो. तेव्हा ट्रान्सपॉन्डर चालू राहिला, तर उतरायला आलेल्या जेटच्या टीकॅसला तीन हजारांवर खरंच कुणीतरी आहे असं वाटतं. त्याच्याकडे टीकॅस-टू असतं, ते वर-खाली जायला सांगतं. आपण इथे चहा पितोय आणि तिकडे भरलेलं विमान नसलेल्या हेलिकॉप्टरला चुकवतंय. म्हणून ट्रान्सपॉन्डरचा ब्रेकर ओढायचा, त्यावर लाल टॅग अडकवायचा आणि मगच नळ्या जोडायच्या. ट्रान्सपॉन्डरचीच चाचणी असेल, तर अँटेना काढून डमी लोड, म्हणजे सिग्नल हवेत न सोडता जिरवणारा जोड.