जुना कॉमेडी सिनेमा बघताना प्रतिनिधित्व कसं तपासायचं

एकदा नुसतं हसायला बघा, मग दुसऱ्यांदा बघताना प्रतिनिधित्व, म्हणजे कुठल्या समाजाला कसं दाखवलंय, ते तपासायला बसा, आणि सुरुवात नेहमी श्रेयनामावलीपासून करा, म्हणजे कुठल्या समाजाचं पात्र कोणी केलंय ते कळतं. १९६८ चा हॉलिवूडचा ‘द पार्टी’ घ्या, त्यात हृंडी बक्षी या भारतीय नटाचं पात्र ब्रिटिश नट पीटर सेलर्सने चेहऱ्याला तपकिरी मेकअप लावून आणि बोलण्याची ढब बदलून केलंय, ही गोष्ट आधी सरळ मान्य करायची, त्या काळी चालायचं म्हणून सोडून द्यायची नाही.

मग प्रत्येक विनोद थांबवून एकच विचारा, हसू नेमकं कशावर येतंय? बक्षी चिखलाचा बूट घरातल्या वाहत्या पाण्यात धुवायला जातो आणि बूट वाहून जातो, पुढे तोच बूट खाण्याच्या ट्रेमध्ये सापडतो, हा विनोद त्याच्या धांदलीचा आहे, कुठल्याही देशाचा माणूस तिथे चालला असता, पण जिथे फक्त उच्चारावरच हसू काढलंय तिथे मात्र अख्ख्या समाजाची टिंगल होते, हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि तो लिहूनच काढा.

बायकांच्या पात्रांना स्वतःचे विनोद आहेत का, की त्या नुसत्या बघायलाच आहेत, हेही बघा. आणि माणुसकी कोणाला दिलीय तेही नोंदवा, कारण या सिनेमात सगळ्यात सभ्य माणूस बक्षीच आहे. मला सिनेमा आवडतो, मेकअप खटकतो, दोन्ही खरं आहे. मुलांना दाखवणार असाल तर मेकअपचं आधीच सांगून ठेवा.