काळ्या गाडीला घरच्या घरी पॉलिश आणि वॅक्स
काळ्या रंगावर सगळं दिसतं, धुळीचा एक कण राहिला तरी पॉलिश करताना गोल गोल ओरखडे पडतात, म्हणून आधी कार शाम्पूने नीट धुवून पूर्ण कोरडी करा. गाडी सावलीत हवी, बॉनेटला हात लावून बघा, गार लागलं तरच सुरू करा. पॉलिश आधी, त्याने बारीक ओरखडे निघतात, वॅक्स नंतर. वॅक्स अगदी पातळ, एकावेळी एकच पॅनल (म्हणजे एक दार किंवा बॉनेट असा एकच भाग), मग बोट फिरवून बघायचं, खाली स्वच्छ चमक दिसली की वाळलं, मायक्रोफायबरच्या मऊ कापडाने हलकं पुसा. कापड जमिनीवर पडलं तर परत वापरू नका, प्लीज! आणि काळ्या प्लास्टिकवर आधी टेप लावा, तिथे वॅक्सचे पांढरे डाग पडले की लवकर जात नाहीत.