'काँग्रॅच्युलेट' वापरताना 'टू' कुठे चुकतो

पुतणीचा नीटचा निकाल लागतो, घरात पेढे येतात आणि लातूरच्या क्लासच्या ग्रुपवर कोणीतरी इंग्रजीत लिहितं, 'आय काँग्रॅच्युलेट टू यू फॉर क्लिअर नीट'. भावना सोळा आणे खरी, पण एवढ्याशा वाक्यात तीन ठिकाणी अडखळायला होतं.

पहिलं, 'टू' काढा. मराठीत 'तुझं अभिनंदन', 'तुला शुभेच्छा' असा प्रत्यय लागतो, म्हणून इंग्रजीतही मध्ये काहीतरी घालावंसं वाटतं. या क्रियापदानंतर मात्र माणूस थेट येतो: काँग्रॅच्युलेट यू, काँग्रॅच्युलेट हर. मग कारण, आणि त्याआधी 'ऑन'. 'फॉर' कानावर पडतो, पण रुळलेला शब्द 'ऑन'च. कारण नाम असेल तर 'ऑन युवर रिझल्ट', क्रिया असेल तर आयएनजी लावून 'ऑन क्लिअरिंग नीट'.

समोरासमोर मात्र 'आय काँग्रॅच्युलेट यू' हे सत्काराच्या भाषणासारखं वाटतं. तिथे 'काँग्रॅच्युलेशन्स!' म्हणा. शेवटचा एस सोडू नका. चौकातल्या बॅनरवर नेमका तोच राहून जातो. स्पेलिंगमध्ये जीआरएनंतर टी येतो. अमेरिकन उच्चारात तिथे 'ज'सारखं ऐकू येतं, त्यामुळे डी लिहिला जातो. 'काँग्रॅट्स' मित्राला चालतं, सरांना पूर्ण शब्दच पाठवावा.

शब्दाचं मूळ लॅटिन: 'कॉन' म्हणजे सोबत, 'ग्रातुलारी' म्हणजे आनंद व्यक्त करणं. आपल्या 'अभिनंदन'मध्येही 'नंद्' म्हणजे आनंदच आहे. म्हणून हा शब्द घडून गेलेल्या चांगल्या गोष्टीसाठी: निकाल, तलाठी भरतीत निवड, लग्न, बाळ. पुढे चांगलं व्हावं असं म्हणायचं असेल, तर 'विश'. मुलगी पेपरला निघाली असेल, तर 'आय विश यू लक'. वाढदिवसाला आणि 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपण शुभेच्छा देतो, म्हणून तिथेही 'विश'च.

'काँग्रॅच्युलेट युवरसेल्फ' म्हणजे स्वतःची पाठ थोपटून घेणं.

कोणी 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हटलं, तर 'थँक यू' म्हणा. दिवाळीच्या सवयीने 'सेम टू यू' निघून जातं. समोरचाही पास झाला असेल, तरच 'थँक यू, अँड काँग्रॅच्युलेशन्स टू यू टू' म्हणावं. इथला पहिला 'टू' बरोबर आहे, कारण 'काँग्रॅच्युलेशन्स' हे नाम आहे.