स्टॅगचं इंजिन बदलायला निघालात? आधी या चुका टाळा

ट्रायम्फ स्टॅग ही जुनी ब्रिटिश गाडी तापते, हे ब्रिटनमधल्या कुठल्याही जुन्या गाडीवाल्याला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. 1970 ते 1977 या काळात कॉव्हेंट्रीत जेमतेम 26 हजार गाड्या बनल्या, इटालियन डिझायनर मिकेलोत्तीचं देखणं डिझाइन, चार सीटा, छत उघडं करता येतं आणि बॉनेटखाली ट्रायम्फचं स्वतःचं 2997 सीसीचं व्ही8, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचं इंजिन. आवाज ऐकला की माणूस खिशात हात घालतो. पण बदनामी इतकी झाली की लोकांनी हे इंजिन काढून रोव्हरचं व्ही8, फोर्डचं व्ही6, ट्रायम्फचंच 2.5 लिटरचं सहा सिलिंडर, जे हाताला लागेल ते बसवलं. माझं मत सरळ सांगतो, यातल्या बऱ्याच गाड्यांना नवीन इंजिनाची गरजच नव्हती.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, गाडी तापली की इंजिनावर खापर फोडायचं. अरे आधी रेडिएटर बघा ना! ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) बिडाचा आणि हेड (त्यावरचं झाकण) अॅल्युमिनियमचं, त्यात कोणी नुसतं नळाचं पाणी भरून वर्षानुवर्षं गाडी चालवली की आतून गंजतं, तो सगळा गाळ रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो. शिवाय काही ब्लॉकमध्ये कारखान्यातली ओतकामाची वाळूसुद्धा तशीच राहून गेलेली असायची. आता याच चोंदलेल्या रेडिएटरला कोणी रोव्हरचं इंजिन जोडतो आणि मग ते पण तापलं की कपाळाला हात लावतो. कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळायचं द्रव, बाराही महिने हवं, फक्त थंडीत बर्फ होऊ नये म्हणून नाही, गंज लागू नये म्हणून.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पंपाची. बाकी गाड्यांत पंप खाली पुढे असतो, इथे तो इंजिनाच्या वर, दोन हेडांच्या मधल्या खाचेत बसवलाय. म्हणजे पाणी थोडं जरी कमी झालं तरी पंप हवा खायला लागतो आणि पाणी फिरायचंच थांबतं. यात एक घात आहे बघा, पाणी तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर हवेत लोंबकळतो आणि तापलेल्या गाडीचा काटा उलट खाली येतो!! माणूस खूश होतो, झाली गाडी थंड म्हणून, आणि पुढच्या काही मैलांत हेड वाकलेलं असतं. काटा अचानक पडला तर आनंद मानू नका, बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि पाण्याचं झाकण लगेच उघडू नका, भाजाल. पाणी भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर फुल गरमवर, म्हणजे अडकलेली हवा निघते. पाणी कमी झालं की वाजणारा अलार्म मिळतो तो बसवून टाका, हेडच्या खर्चापुढे काहीच नाही.

टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्यासाठी कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी. दोन लांबलचक एकेरी चेन आहेत, सैल पडून दात सुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि खेळ खलास. 25-30 हजार मैलांना बदला. गाडी घेताना मालक म्हणाला "चेन केलीय", तर बिल मागा.

हेड काढताना घाई करणारे पण खूप. हेड धरून ठेवायला निम्मे सरळ बोल्ट आणि निम्मे तिरके स्टड (आट्यांचे दांडे), त्यात स्टीलचे स्टड अॅल्युमिनियममध्ये गंजून घट्ट झालेले. पटाशी घालून उचकटलंत तर हेडचा बसायचा पृष्ठभाग गेलाच समजा. स्टडवर गंज सोडवणारं तेल टाका, काही दिवस जाऊ द्या, परत टाका, धीर धरा.

एवढं सगळं करूनही इंजिन खरंच गेलेलं असेल तर मग स्वॅप करा, कोण अडवतंय. रोव्हरचं 3528 सीसी व्ही8 सगळ्यांना आवडतं, मूळ अमेरिकेतल्या ब्युइक कंपनीचं डिझाइन, पूर्ण अॅल्युमिनियम. रोव्हर आणि ट्रायम्फ दोन्ही कंपन्या एकाच ब्रिटिश लेलंडच्या, तरी ते स्टॅगमध्ये बसतच नाही असं ट्रायम्फवाले म्हणायचे म्हणे, आणि लोकांनी नंतर गॅरेजमध्ये ते बसवून दाखवलं. पण "बसतं" म्हणजे आपोआप बसतं असं नाही, सम्प (खालची तेलाची टाकी) आणि क्रॉसमेंबर (गाडीची आडवी तुळई), एक्झॉस्ट आणि स्टिअरिंग कॉलम, वर कार्ब्युरेटर आणि बॉनेट, सगळीकडे जागा मोजून घ्या, आणि तीही माउंटिंग वेल्ड करायच्या आधी. इंजिन हलकं म्हणून पुढून गाडी उंच उभी राहते, स्प्रिंग तेच ठेवू नका. फोर्डचं एसेक्स व्ही6 दणकट, पण त्याचं फायबरचं टायमिंग गिअर दात सोडतं, म्हणजे चेनची कटकट गेली आणि गिअरची आली.

वजन किती छळतं ते एमजी या ब्रिटिश कंपनीकडे बघा. त्यांच्या एमजीसी गाडीमध्ये कंपनीनेच बिडाचं जड 2912 सीसी सहा सिलिंडर घातलं, नाक जड झालं, वळणावर गाडी वळेना, 1969 मध्येच बंद. पुढे 1973 ला एमजीबी जीटीमध्ये तेच हलकं रोव्हर व्ही8 घातलं तर गाडी झकास, पण बनल्या फक्त 2591. आणि आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड कंपनीने काय केलं, रोव्हर एसडी1 गाडीची बॉडी घेतली आणि व्ही8 च्या जागी जुन्या व्हँगार्ड गाडीचं दोन लिटर इंजिन घालून 1985 ला स्टँडर्ड 2000 म्हणून विकली. असो.

कागदपत्रं विसरू नका. ब्रिटनमध्ये इंजिन बदललं की डीव्हीएलएला (तिथलं वाहन नोंदणी खातं) नवीन नंबर आणि सीसी कळवावं लागतं, विमा कंपनीला पण. 40 वर्षांवरच्या गाडीला एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या सरकारी तपासणीची, सूट असते, पण गाडीत मोठा बदल केला असेल तर ती सूट जाऊ शकते. मूळ गाडीला कंपनीकडूनच पर्याय म्हणून येणारं इंजिन चालतं, पण आठ सिलिंडरच्या जागी सहा घातले तर तिथे प्रश्न येऊ शकतो.

आणि काढलेलं इंजिन भंगारात देऊ नका हो! आज मूळ इंजिनवाल्या स्टॅगलाच जास्त मागणी आहे. तेल भरा, तोंडं बंद करा, ताडपत्री टाकून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवा, गाडी विकाल तेव्हा घेणारा पहिला तेच विचारेल.