ओव्हरड्राइव्ह पडत नाही? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे बघा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कामात नव्याने आलेल्यांना मी 'ओव्हरड्राइव्ह (म्हणजे सगळ्यात वरचा, चौथा गिअर) पडत नाही' ही तक्रार मुद्दाम हाताळायला देतो. खालचे तिन्ही गिअर व्यवस्थित असतात, गाडी रस्त्यावर चालवून बघता येते, आणि तरी कारण इंजिनच्या थर्मोस्टॅटपासून गिअरबॉक्सच्या पोटातल्या प्लेट्सपर्यंत कुठेही असू शकतं. या एका तक्रारीतून गिअरबॉक्स जेवढा कळतो, तेवढा नुसता खोलून-जोडून कळत नाही.

आधी गिअर खरंच पडत नाही ना, याची खात्री करा. चार गिअरच्या बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १:१ असतं (गिअरबॉक्समध्ये जेवढे फेरे आत, तेवढेच बाहेर) आणि ओव्हरड्राइव्ह ०.७० च्या आसपास. तिसऱ्यात ३००० आरपीएम असतील, तर त्याच वेगाला ओव्हरड्राइव्हमध्ये काटा २१०० च्या जवळ यायला हवा. तो दोन-चारशेनेच उतरला, तर तो गिअर नव्हे. टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच, म्हणजे दोघांना थेट जोडणारा क्लच, लागलाय. या दोघांची गल्लत फार होते. मोकळ्या, सपाट रस्त्यावर एक्सलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेक पेडल फक्त ब्रेक लाइट लागेल इतकं दाबा. लॉक-अप असेल तर तो लगेच सुटतो आणि काटा थोडा चढतो. गिअर बदलत नाही. लॉक-अप लागत नाही म्हणून ओव्हरड्राइव्हच्या नावाने गिअरबॉक्स उतरवलेले मी पाहिलेत. एवढी मेहनत वाया गेलेली बघून वाईट वाटतं.

नंतर ऑइल. बहुतेक गाड्यांत ते गरम असताना, इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवर तपासतात; पण काहींत इंजिन बंद करून, आणि डिपस्टिकच नसेल तर ठरलेल्या तापमानाला लेव्हल प्लगमधून. त्या गाडीचं मॅन्युअल सांगेल तेच करायचं. ऑइल कमी असेल किंवा जळका वास येत असेल, तर पुढच्या कुठल्याच चाचणीवर भरवसा ठेवू नका.

आता मुख्य प्रश्न. गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्हची आज्ञाच मिळत नाहीये, की मिळूनही ती पाळता येत नाहीये? स्कॅनर लावून कॉम्प्युटर कुठला गिअर मागतोय ते बघा. तो तिसराच मागत असेल, तर दोष बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या बाहेर असतो. ओव्हरड्राइव्हचं बटण बंद आहे का, 'ओ/डी ऑफ'चा दिवा नुसता लागलाय की लुकलुकतोय (अनेक गाड्यांत लुकलुकणं म्हणजे कॉम्प्युटरमध्ये दोषाचा कोड नोंदला गेलाय), थ्रॉटल सेन्सर थ्रॉटल आहे त्यापेक्षा जास्त उघडं दाखवतोय का, लिव्हर 'डी'मध्ये असताना पोझिशन स्विच दुसरंच काही सांगतोय का. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इंजिनच्या तापमानाकडे. इंजिन थंड असेपर्यंत अनेक कॉम्प्युटर ओव्हरड्राइव्ह देतच नाहीत. थर्मोस्टॅट उघडा अडकला की इंजिन नीट तापत नाही, आणि नाव मात्र गिअरबॉक्सचं खराब होतं. स्कॅनरवर कूलंटचं तापमान वाचायला क्षणभर लागतो.

आज्ञा चौथ्याची आहे आणि काटा तिसऱ्याचा, असं दिसलं की गिअरबॉक्सकडे वळा. इथे कुठल्या गिअरला कुठला क्लच आणि कुठला बँड (ड्रमभोवती आवळणारा पट्टा) लागतो, तो तक्ता समोर हवाच. जनरल मोटर्सच्या ४एल६०ई मध्ये दुसऱ्या गिअरला आणि चौथ्याला एकच २-४ बँड लागतो, आणि तिसऱ्याला व चौथ्याला एकच ३-४ क्लच. दुसरा आणि तिसरा दोन्ही ठणठणीत असतील, तर हे दोन्ही भाग बहुधा शाबूत आहेत. संशय सोलेनॉइडवर (विजेवर चालणाऱ्या ऑइलच्या झडपेवर), ३-४ शिफ्ट वाल्व्हवर किंवा बँडच्या चौथ्या गिअरच्या सर्व्होवर (बँड आवळणाऱ्या पिस्टनवर) जातो. टोयोटाच्या ए३४०ई चा हिशोब वेगळा. त्यात बी० हा ब्रेक (चाकांचा नव्हे, गिअरबॉक्सच्या आतला प्लेट्सचा) फक्त ओव्हरड्राइव्हलाच लागतो, त्यामुळे तो पूर्ण गेला तरी बाकीचे गिअर छान पडत राहतात. लक्षण एकच, कारणं दोन टोकांची. तक्ता पाठ करू नका, पण वाचायला शिका.

ए३४०ई वरची एक चाचणी मला मनापासून आवडते. तिसऱ्या गिअरला पहिला सोलेनॉइड बंद आणि दुसरा चालू असतो; ओव्हरड्राइव्हला दोन्ही बंद. म्हणून सोलेनॉइडचा कनेक्टर काढून गाडी चालवली, की कॉम्प्युटर बाजूला पडतो आणि गिअर फक्त लिव्हर ठरवतो: 'एल'मध्ये पहिला, '२'मध्ये तिसरा, 'डी'मध्ये थेट ओव्हरड्राइव्ह. 'एल'मध्ये निघा, मग '२', मग 'डी', आणि प्रत्येक वेळी काटा बघा. वेगात असताना लिव्हर मागे आणू नका. 'डी'मध्ये काटा खाली उतरला तर बी० आणि ऑइलचे मार्ग ठीक आहेत. वायरिंग, सेन्सर, कॉम्प्युटर यांचा माग काढा. चाचणी झाल्यावर कनेक्टर जोडून त्यामुळे आलेले कोड पुसून टाका.

'डी'मध्येही तिसराच राहिला, तरी लगेच बी० वर शिक्का मारू नका. दुसऱ्या सोलेनॉइडमध्ये कचरा अडकून तो उघडा राहिला असेल, तर वायर काढूनही गिअरबॉक्सला तो 'चालू'च वाटतो आणि नेमकं हेच दिसतं. मल्टिमीटर इथे फसवतो: ११ ते १५ ओहम हे योग्य रीडिंग येतं, कारण कॉइल चांगलीच असते. गिअरबॉक्सचं ऑइल पॅन उतरवून सोलेनॉइड बाहेर काढा आणि त्यात कमी दाबाची हवा सोडा. करंट नसताना हवा अडली पाहिजे, १२ व्होल्ट दिल्यावर सुटली पाहिजे. पॅन उतरलंच आहे तर त्यातलं चुंबकही बघा. बारीक राखाडी चिखल नेहमीचाच. धातूचे कपचे किंवा काळ्या अस्तराचे तुकडे दिसले तर गोष्ट वेगळी.

सोलेनॉइड चांगला निघाला आणि वाल्व्ह बॉडीतला (ऑइलचे मार्ग आणि झडपा असलेल्या भागातला) ३-४ शिफ्ट वाल्व्हही मोकळा सरकतोय, तेव्हा गिअरबॉक्स उतरवा. ए३४०ई मध्ये ओव्हरड्राइव्हचा संच अगदी पुढे, ऑइल पंपाच्या मागेच बसवलेला असतो. त्यामुळे पंप काढला की बी० पर्यंत पोचायला मागचा गिअरबॉक्स खोलावा लागत नाही.