पावसाळ्यातलं हार्डवेअर दुकान: या चुका टाळा, नवरात्रात महाग पडतात

आषाढ लागला की बांधकामं थांबतात, मजूर गावी लावणीला जातात आणि हार्डवेअर-पेंटच्या दुकानात दिवसभरात बोटांवर मोजण्याइतकी गिऱ्हाइकं येतात. धंदा थंडावतो, पण माल खराब व्हायचा थांबत नाही. सिमेंट ओल धरतं, रंग तळाला बसतो, खिळे गंजतात. आणि हे उघडकीला येतं नवरात्रात, काउंटरवर पेंटरांची गर्दी असताना.

सर्वांत महागडी चूक सिमेंटची. छप्पर गळत नाही म्हणून दुकानदार निर्धास्त असतो, पण ओल फरशीतून आणि भिंतीतूनही येते. थप्पी लाकडी फळ्यांवर लावा, फरशीपासून 15 ते 20 सेंटिमीटर वर आणि भिंतीपासून निदान दीड फूट लांब. दहा गोण्यांच्या वर जाऊ नका. आठच्या वर जायचं असेल तर एक थर उभा, एक आडवा असा रचा, म्हणजे थप्पी कलंडणार नाही. वरून आणि चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद हवाच.

गोणीवर उत्पादनाचा आठवडा, महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तरी नवी गाडी उतरवताना नव्या गोण्या पुढे लागतात आणि जुन्या मागे गाडल्या जातात. जूनमधला माल सप्टेंबरात तीन महिन्यांचा होतो, आणि तेवढ्यात चांगल्या गोदामातही सिमेंटची ताकद साधारण 20 टक्क्यांनी उतरते. म्हणून कंपनीची सवलतीची स्कीम कितीही चांगली असली तरी पावसाच्या तोंडावर पूर्ण गाडी उतरवू नका.

खालची गोणी दगडासारखी लागली तर लगेच बाद करू नका. वरच्या वजनानेही सिमेंट दाबून घट्ट होतं. गोणी जमिनीवर दोन-चारदा लोळवा. मोकळी झाली तर तो नुसता दाब होता. गाठी राहिल्या तर त्यातली एक चिमटीत दाबून बघा. पीठ झालं तर ठीक, खडा तसाच राहिला तर सिमेंटला ओल लागली आहे. ते चाळून ‘प्लास्टरला चालेल’ म्हणून गळ्यात मारू नका. मिस्त्री एकदा फसला की परत येत नाही, आणि त्याचा त्यात काहीच दोष नसतो.

दुसरी चूक टिंटिंग मशीनची, म्हणजे गिऱ्हाइकाला हवी ती छटा तयार करून देणाऱ्या यंत्राची. गिऱ्हाइक नाही म्हणून वीजबिल वाचवायला रात्री मेन स्विच पाडला जातो. मशीनमधल्या डब्यांत कलरंट, म्हणजे छटा देणारा दाट रंग, ठरावीक वेळाने आपोआप ढवळला जातो. वीजच नसेल तर रंगद्रव्य तळाला बसतं आणि नोझलच्या तोंडाशी साय धरते. मग छटेचा कोड तोच, पण आज काढलेली बकेट मागच्यापेक्षा फिकी. पेंटरला ते अर्धी भिंत झाल्यावर कळतं. मशीन चालूच ठेवा. रोज सकाळी, एकही ऑर्डर नसली तरी, प्रत्येक कलरंट थोडा कपात सोडा, नोझल ओल्या फडक्याने पुसा आणि तिथल्या स्पंजमध्ये डिस्टिल्ड वॉटर आहे का ते बघा. शंका आली तर एक लिटर काढून कागदावर फासा आणि पूर्ण वाळल्यावर शेडकार्डाशी ताडून पाहा. ओला रंग फसवतो.

तयार रंगाच्या बकेटा दर पंधरा दिवसांनी उलट्या-सुलट्या करा. इमल्शनला (भिंतीच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाला) कुजका वास आला तर तो माल बाजूला काढा, सुगंधी द्रव्य टाकून तो सुधारत नाही. पीव्हीसी पाइपचं सोल्युशन जेलीसारखं झालं तर त्यात थिनर ओतू नका, जोड हमखास गळेल. वेल्डिंग रॉडचं फोडलेलं पाकीट प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवा.

‘पाऊस आहे, कोण येतंय’ म्हणून दुकान साडेदहाला उघडणं ही सवयीची चूक. प्लंबरला सामान आठ-साडेआठला लागतं, आणि त्याचं काम पावसात वाढतं. ताडपत्री, पत्र्याचे हुक-वॉशर, गटर पाइप, वॉटरप्रूफिंग हा माल या दिवसांत पुढच्या रॅकवर हवा. कोकणात तर गणपतीआधी घरोघरी रंगकाम निघतं, तिथे तयारी श्रावणातच झालेली हवी.

दुकानातली कामाची पोरं मोबाइलवर दिसली की ओरडण्यापेक्षा रोज एक रॅक मोजायला द्या. मोजलेला आकडा आधी कागदावर लिहू द्या, मगच संगणकातला दाखवा. नाहीतर तोच उतरवला जातो.

उधारी मागायलाही लोक या दिवसांत बिचकतात. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्यापासून 3 वर्षांत दावा करावा लागतो. ती मुदत संपण्याआधी बाकी रकमेखाली गिऱ्हाइकाची सही आणि तारीख घेतली, तर त्या दिवसापासून नवी 3 वर्षं मिळतात. फोनवरचं ‘देतो हो’ त्यासाठी चालत नाही.

आणि काटा. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची पडताळणी दरवर्षी, लोखंडी वजनांची दर 2 वर्षांनी करावी लागते. पुढची तारीख कागदावर लिहून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे रोज दिसेल.