ट्रकचा वायरिंग फॉल्ट शोधताय? ईसीएमवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरवर) खापर फोडण्याआधी या चुका टाळा

स्कॅनर लावायचा, फॉल्टचा कोड वाचायचा, त्या नावाचा सेन्सर बदलायचा आणि गाडी सोडायची. हल्लीची पोरं यालाच फॉल्ट शोधणं म्हणतात. २०२० मध्ये धुराचा बीएस-६ नियम आला, गाडीवरचे सेन्सर वाढले आणि हा प्रकारही बोकाळला. कोड फक्त सर्किट दाखवतो. ‘व्होल्टेज लो’ म्हणजे सेन्सर गेलेला असेल, वायर तुटली असेल, कपलरमध्ये (वायरींच्या जोडप्लगमध्ये) पाणी असेल नाहीतर कुठेतरी शॉर्ट असेल. पुढचं आपणच शोधायचं असतं.

एक कंटेनर ट्रक आला होता. सपाटीवर ठणठणीत, पण माल भरून कसारा घाट चढायला लागला की पिकअप गायब. बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), रेल प्रेशर (डिझेलचा दाब) आणि ऑइल प्रेशर, तिन्ही सेन्सरचे कोड एकदम. आधीच्या ठिकाणी दोन सेन्सर नवे टाकून झाले होते आणि मालकाच्या हातात ईसीएमचं कोटेशन होतं. तीन सेन्सर एकाच घाटात, एकाच वेळी मरतात का हो? या तिघांना ५ व्होल्टचा सप्लाय एकाच लाइनवरून होता. उभ्या गाडीत मीटर बरोबर ५ दाखवत होता. मग चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला आणि ड्रायव्हरला गिअर टाकून क्लच जरासा सोडायला सांगितला. लोडवर इंजिन माउंटिंगवर कलतं. ते कललं आणि मीटर शून्यावर. हेडच्या मागे हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, एका ब्रॅकेटवर घासून तांबं उघडं पडलं होतं. आधीच्या कुठल्यातरी कामात क्लिप काढली आणि परत बसवलीच नाही. वायर जोडली, स्लीव्ह चढवली, क्लिप लावली. माझी सवय अशी, की असे कोड जोडीने आले तर त्या लाइनवरचे कपलर एकेक करून काढत जायचं. एखादा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तर दोष त्या फांदीत. एकही काढून आले नाहीत तर हार्नेस चाचपायचा.

दुसरी चूक अर्थची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-चेसिसला जाणाऱ्या जोडणीची. मीटर ‘पीं’ वाजला म्हणजे अर्थ चांगला, असं समजतात. अहो, अर्थच्या विणलेल्या पट्ट्याची एक तार शिल्लक असली तरी मीटर वाजतो! सेल्फ मात्र शेकडो अँपिअर ओढतो, ते त्या एका तारेतून कसे जाणार? मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर धरा, क्लँपवर नको, थेट शिशावर. दुसरं टोक इंजिन ब्लॉकवर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की पट्टा सोडवा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळा, वरून ग्रीस. ही तपासणी मी स्कॅनर बाहेर काढायच्या आधी करतो. हेडलाइट लावल्यावर टेंपरेचरचा काटा चढत असेल तर आधी अर्थच बघायचा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

२४ व्होल्टच्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून टेप नि पंखा चालवू नका. ती बॅटरी अर्धपोटी राहते, दुसरी ओव्हरचार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा.

टेस्ट लँपची सुई वायरीत खुपसू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पावसाळ्यानंतर आत हिरवं पडतं. शिवाय बल्बचा करंट ईसीएमच्या पिनला झेपेलच असं नाही.

फ्यूजच्या जागी तार. यावर मी वाद घालत नाही, ती गाडी दारातूनच परत पाठवतो.

अल्टरनेटर चार्ज करतोय का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढणं, हा जुन्या उस्तादांचा शॉर्टकट. आजच्या गाडीत त्या झटक्याने ईसीएम उडू शकतो. टर्मिनलवर मीटर लावा, साधारण २८ व्होल्ट दिसले की झालं.

चेसिसवर वेल्डिंग असेल तर आधी बॅटरी सोडवा, ईसीएमचे कपलर काढा. वेल्डर ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणाला तरी काढा.